अडलेला शब्द

बोरीबंदराहून माटुंग्यास जाणारा एखादा तरुण तिकिटाच्या खिडकीशीं उभा असतो. रांगेंत ‘माटुंगा’ हा शब्द त्यानें मनांतल्या मनांत दहा वेळां घोळलेला असतो. परंतु खिडकीपुढें येतांच ओठ मिटतात ते उघडत नाहींत. मागें कुरकुर सुरू होते. अखेर घाईघाईनें तो ‘दादर’ म्हणतो, दादरला उतरतो आणि पायीं माटुंगा गांठतो.

ओठ अडलेले लोकांस दिसतात. ही पायपीट कोणास दिसत नाहीं.

भित्रेपणानें अगर आईबापांच्या हयगयीनें तोतरेपणा येतो, ही समजूत चुकीची आहे. तो बहुधा दोन ते पांच वर्षांच्या वयांत सुरू होतो, पुष्कळ मुलांचा आपोआप जातो, आणि प्रौढांपैकीं शेंकडा एकाच्या आसपास माणसांत राहतो. मेंदूंत वाणीची जी जुळणी होते तिच्याशीं त्याचा संबंध आहे; कित्येक घराण्यांत तो वंशपरंपरेनें येतो. गंमत अशी कीं, चारचौघांबरोबर आरती म्हणतांना हाच मनुष्य सहसा अडखळत नाहीं.

तोंडांत खडे धरून बोलणाऱ्या डिमॉस्थेनीसची गोष्ट प्लुटार्कनें सांगितली आहे. ती ऐकण्यास ठीक. मुलाच्या तोंडांत मात्र कोणीं गोट्या घालूं नयेत. त्याहून बोधक हकीकत इंग्लंडच्या सहाव्या जॉर्ज राजांची. १९२६ सालीं, राज्यावर येण्यापूर्वीं, ते लायोनेल लोग ह्यांजकडे शिकूं लागले. ३ सप्टेंबर १९३९ रोजीं महायुद्धाच्या आरंभीं ते नभोवाणीवरून बोलले, तेव्हां लोग जवळच होते. तेरा वर्षांनंतरहि त्या भाषणांत जागोजाग विराम होते. तोतरेपणा गेला नव्हता, भाषण झालें.

अमेरिकेंतील चार्ल्स व्हॅन रायपर हे स्वतः तोतरे होते. त्यांची शिकवण अशी कीं, अडलेला शब्द टाळूं नये. तो कसाबसा पुरा झाल्यावर क्षणभर थांबावें आणि तोच शब्द सैल ओठांनीं, संथपणें पुन्हां म्हणावा. कधीं तर मुद्दाम अडखळून पाहावें, म्हणजे भीतीची धार बोथट होते. मुंबईंत नायर रुग्णालयांत, तसेंच वांद्र्यास १९८३ सालीं स्थापन झालेल्या अली यावर जंग संस्थेंत वाचेवरील उपचार मिळतात.

घरच्यांनीं त्याचा शब्द आपण पुरा करूं नये. ‘सावकाश बोल’ असेंहि म्हणूं नये. तो तेंच तर करूं पाहत असतो! त्याच्याकडे पाहत, वाक्य संपेपर्यंत ऐकावें.

अशा सरावानंतर तोच तरुण खिडकीशीं ‘म... म... माटुंगा’ म्हणतो. रांग दोन क्षण खोळंबते, आणि त्याला माटुंग्याचें तिकीट मिळतें.