वर्गणी दुसऱ्या ऑपरेशनलाही हवी
(बेळगाव येथे मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



धाकटी बहीण स्टोव्हच्या भडक्यात भाजली, तेव्हा तुम्हीच आठ दिवसांत पहिलं बिल भागवलंत. ते उपकार विसरणार नाही. पण भाजलेल्याची प्लास्टिक सर्जरी टप्प्याटप्प्याने होते. आखडलेली मान सोडवून कातडी लावतात. पुन्हा आखडली, तर पुन्हा ऑपरेशन. तोवर वर्गणी आटलेली असते. शेवटी आईच्या पाटल्या तारण ठेवल्या. फॉर्म मीच भरला, माझ्याच काउंटरवर.

महात्मा फुले आरोग्य योजना सीमाभागातल्या 865 गावांना देण्याचं महाराष्ट्राने 2023 मध्ये ठरवलं. तो हक्क मागत राहूच. तोवर घरटी महिना 50 रुपये, वेगळं खातं, दोघांच्या सह्या, चेक थेट हॉस्पिटलच्या नावे आणि हिशेब आपल्या पत्रकात. पुढच्या घरच्या पाटल्या तरी वाचतील.