संगणकाने जपून ठेवलेला नकार

इंदूरमधील एखादे वृद्ध गृहस्थ सकाळी अकरा वाजता संगणकासमोर बसले आहेत, असे क्षणभर समजावे. पुण्याच्या डॉक्टरांशी पडद्यावरून बोलावयाची वेळ ठरलेली आहे. डॉक्टरांचा चेहरा दिसतो, आवाजही ऐकू येतो. परंतु डॉक्टरांना इकडचे काहीच दिसत नाही, ऐकू येत नाही. गृहस्थ कॅमेऱ्याची तार काढून पुन्हा लावतात, अखेर संगणकच बंद करून सुरू करतात. नेमून दिलेली पंधरा मिनिटे अशीच निघून जातात. यंत्रात बहुधा कोणताच बिघाड नसतो. आठ दिवसांपूर्वी याच संकेतस्थळाने कॅमेरा व मायक्रोफोन वापरण्याची परवानगी मागितली, तेव्हा घाईघाईत नकाराचे बटण दाबले गेले होते. तो नकार ब्राउझरने निष्ठेने जपून ठेवलेला असतो.

ब्राउझर हा संकेतस्थळ आणि घरातील यंत्र यांच्यामध्ये उभा असलेला द्वारपाल होय. प्रत्येक संकेतस्थळाला दिलेले उत्तर तो स्वतंत्रपणे नोंदवून ठेवतो, आणि एकदा नकार नोंदला गेला की त्या स्थळास पुन्हा प्रश्न विचारण्याची मुभाच राहत नाही. त्यामुळे प्रश्न पुन्हा येईल म्हणून वाट पाहणे व्यर्थ ठरते. क्रोम ब्राउझरमध्ये तर कोणी नकार न देता प्रश्नाची चौकट नुसती फुलीवर टिचकी मारून तीनदा मिटवली, तरी तो प्रश्न सुमारे आठवडाभर गप्प बसवला जातो. ‘मी नाही म्हटलेच नव्हते’ ही अनेकांची तक्रार म्हणूनच खोटी नसते.

हा नकार मागे घेण्याची जागा पत्त्याच्या पट्टीतच, पत्त्याच्या डाव्या अंगास असते. क्रोममध्ये तेथे पूर्वी कुलपाचे चित्र असे; २०२३ पासून दोन आडव्या सरकपट्ट्यांचे चिन्ह आले आहे. त्यावर टिचकी मारून कॅमेरा व मायक्रोफोन यांची परवानगी बदलावी आणि पान नव्याने उघडावे. ही शेवटची पायरी पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही, व बदल करूनही काही झाले नाही असे त्यांना वाटते.

तथापि ब्राउझरच्या मागे आणखी एक द्वारपाल उभा असतो. तो म्हणजे संगणकाची स्वतःची कार्यप्रणाली. त्याने वाट अडवली असेल, तर ब्राउझरने दिलेल्या होकाराला काहीच किंमत नाही. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये गोपनीयतेच्या विभागात कॅमेऱ्याचा मुख्य खटका दिसतो. पण त्याच पानावर खाली डेस्कटॉप ॲपसाठी निराळा खटका असतो, आणि क्रोम किंवा फायरफॉक्स यांची गणना या खालच्या खटक्यात होते. ॲपलच्या संगणकांवर २०१८ च्या मोहावी आवृत्तीपासून प्रत्येक ॲपला कॅमेरा व मायक्रोफोनसाठी वेगळी परवानगी लागते. पडद्यावरील दृश्य दुसऱ्यास दाखवावयाचे असल्यास २०१९ च्या कॅटालिनापासून त्याचीही. ती दिल्यावर ब्राउझर पूर्णपणे बंद करून पुन्हा उघडावा लागतो. तेथे नुसती खिडकी मिटली म्हणजे ब्राउझर बंद झाला असे होत नाही, हे विंडोजची सवय असलेल्या माणसास हटकून फसवते.

दोष कोणत्या दारी आहे हे ओळखण्याची युक्ती सोपी आहे. त्याच ब्राउझरमध्ये कॅमेरा वापरणारे दुसरे संकेतस्थळ उघडून पाहावे. तेथे चित्र दिसले, तर अडचण पहिल्या स्थळाच्या नोंदीत आहे. तेथेही न दिसता दुसऱ्या ब्राउझरमध्ये दिसले, तर पहिला ब्राउझर तपासावा. कोठेच न दिसल्यास कार्यप्रणालीकडे वळावे. पण त्याआधी कॅमेऱ्यावरील छोटे झाकण सरकवलेले आहे ना आणि दुसऱ्या एखाद्या ॲपने कॅमेरा अडवून ठेवलेला नाही ना, हे बघून घ्यावे. कचेरीच्या संगणकावर मात्र व्यवस्थापकानेच परवानगी बंद केलेली असू शकते. तेथे खटपट न करता त्यालाच विचारणे बरे.

एवढा त्रास सोसल्यावर सर्वांनाच सरसकट होकार देऊन टाकावा, असा मोह होतो. त्यातच खरा धोका आहे. काही लबाड स्थळे ‘आपण यंत्रमानव नाही हे सिद्ध करण्यासाठी अनुमती द्या’ असे सांगून वस्तुतः सूचना पाठविण्याची परवानगी पदरात पाडून घेतात. मग संगणकास विषाणू लागल्याचे खोटे इशारे दिवसभर पडद्याच्या कोपऱ्यात उमटू लागतात, आणि घाबरलेला माणूस त्यांवर टिचकी मारतो. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये सूचनांची यादी असते. तीतील अनोळखी नावे काढून टाकली की हे इशारे थांबतात. या उपद्रवामुळेच फायरफॉक्स व क्रोम यांनी २०२० च्या आरंभी सूचनांविषयीचे प्रश्न पुष्कळ सौम्य केले.

कॅमेऱ्याच्या बाबतीत क्रोमने २०२३ मध्ये मधला मार्ग दिला आहे: केवळ या वेळेपुरती परवानगी. ती निवडली की काम संपल्यावर होकार आपोआप मावळतो आणि पुढील भेटीस प्रश्न पुन्हा येतो. इंदूरच्या त्या गृहस्थांना हाच पर्याय सोयीचा ठरेल. मात्र पुढच्या भेटीच्या आदल्या संध्याकाळी घरातील कोणाला तरी पलीकडे बसवून त्यांनी एकदा बोलून पाहावे, म्हणजे डॉक्टरांची पंधरा मिनिटे प्रकृतीच्याच चौकशीत जातील.