लग्न, पाट आणि सरकारी कर
(गांवकऱ्यांच्या सभेंत एका प्राथमिक शिक्षकानें केलेलें भाषण)



लग्नाचा विषय निघाला कीं आपण मानपान, हुंडा आणि भटजीची दक्षिणा यांवर बोलतों. आज मी निराळेंच बोलणार आहें. तुमचें लग्न हें लग्न आहे कीं नाहीं, हा प्रश्न सरकारचें करखातेंही विचारतें, आणि बाईच्या पदरांतले लाख दोन लाख रुपये त्याच्या उत्तरावर टांगलेले असतात.

आयकराच्या १९६१ च्या कायद्यांत नवरा-बायकोचा उल्लेख जागोजाग आहे. पण लग्न कशाला म्हणावें हें त्यांत सांगितलेलें नाहीं. त्याच्या जागीं २०२५ सालीं मंजूर झालेला व १ एप्रिल २०२६ पासून अमलाचा ठरलेला जो कायदा आहे, त्यांतही रीत तीच. करखातें ज्याच्या त्याच्या विवाहाच्या कायद्याकडे बोट दाखवितें. मुसलमानाचा निकाह त्यांच्या रीतीनें झाला असला कीं तें लग्न. हिंदू, बौद्ध, जैन व शीख यांना १९५५ चा हिंदू विवाह कायदा. तो म्हणतो, वधू किंवा वर यांपैकीं कोणा एकाच्या रूढीप्रमाणें विधि झाले म्हणजे पुरे. भटजी पाहिजेच असें त्यांत कोठेंही नाहीं! सत्यशोधक समाजानें १८७३ सालीं भटजीवांचून लग्न लावून दाखविलें. मद्रासकडे स्वाभिमान विवाहांसाठीं १९६७ सालीं स्वतंत्र कलमच घातलें गेलें. तें आपल्याकडे लागू नाहीं. म्हणून आपल्याकडे रूढी सिद्ध करण्याचें ओझें आपल्याच डोक्यावर.

आतां घराचें उदाहरण घ्या. समजा, एका गृहस्थानें तालुक्याच्या गांवचें आपलें राहतें घर घरांतल्या बाईच्या नांवें बक्षीसपत्रानें केलें. सरकारी मूल्य २० लाख रुपये. ती कायद्यानें बायको असेल तर या देणगीवर आयकर नाहीं. राहतें घर किंवा शेतजमीन बायकोला बक्षीस दिल्यास मुद्रांक अवघा २०० रुपये, असें महाराष्ट्र सरकारनें २०१५ सालीं केलें. पण ती कायद्यानें बायको नसेल तर? मग वीस वर्षें तिनें त्याची चूल पेटविली असली तरी ती परकी. परक्याकडून ५० हजारांवर मिळालेली देणगी हें तिचें उत्पन्न. सगळे २० लाख त्या वर्षाच्या उत्पन्नांत धरले जातात. तिला दुसरी एक पैची मिळकत नसली तरी २०२५-२६ च्या नव्या पद्धतीच्या दरानें तिच्यावर २ लाख ८ हजारांचा कर बसतो. मुद्रांक वेगळाच. हातांत रोकड नाहीं, आणि कर भरावयाचा तो भिंती मिळाल्या म्हणून!

ही बाई कोण? ती आपल्याच घरांतली आहे. आपल्या जातींतून पाटाची चाल आहे आणि मला तिचा अभिमान वाटतो. विधवेला जन्मभर कोपऱ्यांत बसविणाऱ्यांपेक्षां आपले आजेपणजे माणुसकीचे होते. रूढीप्रमाणें लावलेला विधवेचा पाट कायद्यालाही मान्य आहे. घोटाळा दोन ठिकाणीं होतो. पहिली बायको नांदती असतांना लावलेला पाट १९५५ पासून रद्दबातल. आणि विधीवांचून नुसतें घरांत आणून ठेवणें, हें तर लग्नच नव्हे.

आपल्या महाराष्ट्रांतलाच एक खटला १९६५ सालीं सुप्रीम कोर्टांत निकालांत निघाला. पहिली बायको असतांना एका माणसानें गांधर्व पद्धतीनें दुसरी केली. माळा घातल्या, कपाळाला कपाळ लावलें. कोर्ट म्हणालें, एवढ्यानें विधि पुरे होतात अशी रूढी सिद्ध झाली नाहीं. म्हणून हें लग्नच नव्हे. दुसरें लग्नच नाहीं तर दोन बायका केल्याचा गुन्हा कोठला? नवरा सुटला. दुसरी मात्र कोणाचीच कोणी राहिली नाहीं.

जन्मभर एकत्र राहिल्याचा उपयोग अगदींच नाहीं असें नाहीं. सुमारें पन्नास वर्षें जोडप्यानें राहिलेल्यांना १९७८ सालीं सुप्रीम कोर्टानें नवराबायको मानलें. पण तें कोर्टांत, आणि पन्नास वर्षांनीं. शिवाय पहिली बायको हयात असल्याचें कोणी दाखविलें कीं तें मानणें तेथेंच संपतें.

शहरांतले कांहीं शहाणे म्हणतात, लग्नच करूं नये, कर वांचतो. त्यांत थोडें तथ्य आहे. बायकोला दिलेल्या मिळकतीचें उत्पन्न नवऱ्याच्याच उत्पन्नांत मिळवावें असा नियम १९३७ पासून आला. आणि लग्नापूर्वीं दिलेल्या शेअरांना तो लागू नाहीं असें कलकत्त्याकडच्या एका खटल्यांत १९६३ सालीं ठरलें. पण हा हिशेब पैसेवाल्या पुरुषाचा आहे. त्याच्या पश्चात् बाई काय दाखवून हक्क सांगणार, हें त्यांत कोणी मांडीत नाहीं.

तेव्हां पाट असो कीं पहिलें लग्न, आपल्या रूढीचा विधि चारचौघांसमोर करा आणि नोंद करा. सर्व धर्मांच्या लग्नांची नोंद सक्तीची करावी असें सुप्रीम कोर्टानें २००६ सालींच सांगितलें आहे. मात्र विधि न करतां नुसता दाखला आणाल तर हिंदू कायद्याखालीं तें लग्न होत नाहीं, असें त्याच कोर्टानें २०२४ सालीं बजावलें. ज्यांना विधि नकोच असेल त्यांना १९५४ चा विशेष विवाह कायदा मोकळा आहे. ज्या मायबहिणींच्या लग्नाची नोंद झालेली नाहीं त्यांनीं येत्या रविवारीं सकाळीं शाळेंत यावें. अर्ज मी भरून देईन. दोघांच्या वयाचे व पत्त्याचे दाखले, लग्नपत्रिका किंवा लग्नांतला फोटो, आणि लग्न डोळ्यांनीं पाहिलेले तीन साक्षीदार बरोबर आणावे.