नशीब नव्हे, कामावरचा अपघात



शिवडी म्हटले की मुंबईकराच्या डोळ्यांपुढे दोन गोष्टी उभ्या राहतात : बंदराकाठची गोदामे आणि जेरबाई वाडिया मार्गावरील महापालिकेचे क्षयरोग रुग्णालय. गोदामात थप्पी कोसळून हमालाचा पाय मोडला, तर तो अपघात आहे हे सांगावे लागत नाही. परंतु रुग्णालयात वर्षानुवर्षे रुग्णांची थुंकीची भांडी उचलणारा, त्यांना हात देऊन बसवणारा वॉर्डबॉय एके दिवशी स्वतःच खोकू लागतो, तेव्हा त्याला काय म्हणायचे? घरचे म्हणतात, नशीब. शेजारीपाजारी कुजबुजतात. कायदा मात्र त्यालाही अपघातच मानतो.

कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ साली झाला आणि १ जुलै १९२४ पासून अमलात आला. ज्यांचे नाव आज लोअर परळच्या रस्त्याला आहे, ते ना. म. जोशी त्या काळी केंद्रीय विधिमंडळात कामगारांचे प्रतिनिधी होते. या कायद्याने एक मोठा पालट केला. चूक मालकाची होती का, हा प्रश्नच मागे पडला. इजा कामामुळे आणि कामाच्या ओघात झाली, एवढे पुरेसे ठरले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली असली, तरी गाभा तोच आहे.

या कायद्याला व्यवसायजन्य रोगांचे एक परिशिष्ट आहे. त्याच्या पहिल्याच भागात, आरोग्यसेवेच्या वा प्रयोगशाळेच्या कामात संसर्गाचा विशेष धोका असेल तर तेथे जडलेल्या संसर्गजन्य रोगाचा समावेश आहे. असा रोग कामामुळेच झाला असे गृहीत धरले जाते. तसे नाही, हे सिद्ध करण्याचा भार मालकावर येतो. म्हणून नोकरीस लागतानाचा छातीचा क्ष-किरण अहवाल जपून ठेवावा. घरोघरी लग्नपत्रिका वर्षानुवर्षे जपल्या जातात, हा कागद मात्र रद्दीत जातो! आजारामुळे कामावर न जाण्याचा पहिला दिवस हाच अपघाताचा दिवस धरला जातो. दाव्याची दोन वर्षांची मुदत तेथून मोजतात.

साध्या क्षयाचा औषधोपचार सहा महिने चालतो. अशा तात्पुरत्या अक्षमतेत दर पंधरवड्यास मासिक वेतनाच्या पंचवीस टक्के, म्हणजे निम्म्या पगाराइतकी रक्कम मिळते. मृत्यू ओढवल्यास मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेस वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात. पस्तिसाव्या वर्षाचा गुणक १९७.०६ आहे. वेतन १५,००० रुपये असेल तर भरपाई होते १४,७७,९५० रुपये. कर्मचारी राज्य विमा योजनेत नाव असेल, तर मात्र हे लाभ मालकाकडून नव्हे, त्या योजनेतून मिळतात.

येथे मालकांनीही एक गोष्ट ध्यानी घ्यावी. कामगार गेला की एखादा सहृदय कारखानदार त्याच्या पत्नीच्या हाती पाकीट देतो, चार माणसांदेखत कागदावर सही घेतो आणि प्रकरण मिटले असे समजतो. कायद्याच्या दृष्टीने ते मिटलेले नसते. मृत्यूची भरपाई सक्षम प्राधिकाऱ्याकडे जमा करावी लागते. तीन महिन्यांच्या वेतनाइतकी उचल तेवढी वारसांना परस्पर देता येते. हक्क सोडल्याचा करारही शून्यवत ठरतो. महिनाभरात रक्कम न भरल्यास बारा टक्के व्याज आणि समाधानकारक कारण नसेल तर पन्नास टक्क्यांपर्यंत दंड. विम्याचा हप्ता याहून कितीतरी स्वस्त पडतो.

आजारासारखाच रस्त्यावरचा मृत्यूही लोक नशिबाच्या खाती टाकतात. २००३ साली मराठवाड्यातील एका साखर कारखान्याचा पहारेकरी पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटारसायकलने निघाला आणि कारखाना पाच किलोमीटरवर असताना अपघातात दगावला. आयुक्तांनी दिलेली भरपाई उच्च न्यायालयात रद्द झाली. अखेर २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, वेळ, स्थळ व परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध जुळत असेल तर घरून कामावर जाण्याच्या वाटेवरील अपघातही कामाच्या ओघातला. बावीस वर्षे त्या कुटुंबाने वाट पाहिली. नव्या संहितेत जाण्यायेण्याच्या प्रवासाची ही तरतूद स्पष्ट शब्दांत आहे.

राहता राहिला कंत्राटी कामगार. त्याला सांगितले जाते, ‘तू आमचा नाहीसच, ठेकेदाराला विचार.’ हे उत्तर कायद्याला मान्य नाही. काम मूळ मालकाच्या नेहमीच्या व्यवसायाचा भाग असेल, तर दावा थेट त्याच्यावर करता येतो. त्याने ती रक्कम नंतर ठेकेदाराकडून वसूल करावी. मात्र तो कामगार त्या दिवशी कामावर होता हे दाखवायला हजेरीची नोंद, ओळखपत्र, बँकेत जमा झालेला पगार, काहीतरी हाती हवे. रुग्णालयातल्या सफाई कामगारापासून गोदामातल्या हमालापर्यंत, हे कागद कामगाराच्या घरी कुठे ठेवले आहेत ते त्याच्या पत्नीलाही ठाऊक असावे.