मोटारींतील मंद्र स्वराचें घर

संध्याकाळीं रस्त्यावरून एखादी मोटार जाते आणि माडीवरील खिडकीचीं तावदानें थरथरूं लागतात. गाडींत गाणें चाललें आहे एवढें कळतें. पण निरनिराळ्या खर्जस्वरांच्या जागीं एकच ‘धुम्’ ऐकूं येतो. मंद्र स्वर पत्र्यांतून अधिक पार होतात हें खरें. परंतु पुष्कळदां आंत बसलेल्यालाहि तो ‘धुम्’च ऐकावा लागतो. मालकानें सबवूफर, म्हणजे केवळ मंद्र स्वरांसाठीं केलेला मोठा ध्वनिक्षेपक, भारी किंमतीचा घेतलेला असतो. मग उणें कोठें राहिलें? बहुधा तें पेटींत राहिलेलें असतें. ध्वनिक्षेपक दुकानांत विकत मिळतो. त्याचें घर मात्र हिशेबानें बांधावें लागतें.

मुळांत पेटी हवीच कशाला? ध्वनिक्षेपकाचा शंकू पुढें सरकला कीं समोरची हवा दाटते, आणि त्याच क्षणीं मागची विरळ होते. सेकंदास ४० कंपनें असलेल्या स्वराची लहर सुमारें साडेआठ मीटर, म्हणजे २८ फूट लांब असते. एवढ्या लांब लहरीला शंकूच्या कडेनें वळसा घालण्यास अडचण कसली? पुढची दाट हवा मागच्या विरळ हवेंत मिसळते. जमा आणि खर्च सारखे होऊन शिल्लक जवळजवळ शून्य उरते. डग्ग्याची पुडी भांड्यावर न चढवितां नुसती हातांत धरून वाजविली, तर घुमारा कोठून येणार? येथेंहि तोच न्याय आहे.

पेटींत कोंडलेली हवा आणखी एक काम करते. शंकू आंत आला कीं ती दाबली जाते व स्प्रिंगप्रमाणें त्याला परत लोटते. अमेरिकेंतील एडगर व्हिल्चर यांनीं १९५४ सालीं शंकूची बैठक मुद्दाम सैल ठेवून हें काम मुख्यतः हवेवरच सोंपविलें, आणि लहान बंद पेटींतून मोठा खर्ज काढून दाखविला. पुढें ऑस्ट्रेलियांत नेव्हिल थील यांनीं १९६१ सालीं आणि रिचर्ड स्मॉल यांनीं १९७२-७३ सालीं ध्वनिक्षेपक आणि पेटी यांचा संबंध सुटसुटीत गणितांत बसविला. ध्वनिक्षेपकाबरोबर येणाऱ्या पत्रकांतील अंक त्यांच्याच नांवानें ओळखले जातात.

त्यांपैकीं तीन अंक बंद पेटीसाठीं पुरतात. पहिला, शंकूची स्वाभाविक कंपनसंख्या. दुसरा, त्याचें आंदोलन किती लवकर आवरतें हें सांगणारा ‘क्यू’. तिसरा, शंकूच्या बैठकीइतकीच लवचिक असलेल्या हवेचें घनफळ. समजा, एका १२ इंची ध्वनिक्षेपकाचे हे अंक अनुक्रमें २८, ०.४५ आणि ६० लिटर आहेत. रीत सोपी आहे. ६० ला पेटीच्या घनफळानें भागावें, त्यांत १ मिळवून वर्गमूळ काढावें, आणि त्या मुळानें पहिल्या दोन अंकांस गुणावें. ४१ लिटरची पेटी घेतली तर मूळ १.५७ येतें; कंपनसंख्या ४४ आणि क्यू ०.७१ होतो. ०.७१ ही सपाट, समतोल आवाजाची खूण होय. जागा वांचविण्यासाठीं पेटी २० लिटरची केली तर मूळ २ येतें. कंपनसंख्या ५६ वर चढते, क्यू ०.९० होतो. खालचे स्वर लवकर क्षीण होतात आणि वरचे किंचित् उठून येतात. पेटी जसजशी आणखी आवळावी, तसतसा हा उंचवटा वाढतो. तोच तो ‘धुम्’.

कोणी म्हणेल, ४४ च्या खालच्या स्वरांचें काय? येथें मोटार स्वतःच मदतीस येते. तिची आंतील लांबी पावणेतीन मीटरांच्या आसपास असते. ज्या स्वराची अर्धी लहरहि तींत मावत नाहीं, म्हणजे साधारण साठ-पासष्ट कंपनांच्या खालचा स्वर, तेथें सारी हवा एकदमच दाबली व सोडली जाते. त्यामुळें दर सप्तक खालीं जातांना सुमारें १२ डेसिबलपर्यंत वाढ मिळूं शकते; आणि बंद पेटीचा उतारहि दर सप्तकास १२ डेसिबलच असतो. दारांच्या फटी व लवणारा पत्रा यांमुळें प्रत्यक्षांत लाभ कमी होतो. तथापि घरांत तोकडी ठरणारी पेटी गाडींत भरदार वाजते, तें यामुळेंच.

नळीची पेटी हा दुसरा प्रकार. बाटलीच्या तोंडावर फुंकल्यास ती जशी एका स्वरांत बोलते, तशी नळींतील हवा ठराविक स्वराला साथ देऊन आवाज वाढविते. परंतु त्या स्वराखालीं उतार दर सप्तकास २४ डेसिबल होतो, शंकूला हवेचा आधार उरत नाहीं आणि तो तुटण्याचा धोका असतो. नळी अरुंद असेल तर फुरफुरते. नवशिक्यानें बंद पेटीपासूनच आरंभ करावा.

आतां सुतारकाम. ४१ लिटरांत ध्वनिक्षेपकाच्या मागील भागाचे ३ आणि आंतील आधाराच्या पट्ट्यांचा १ मिळवून ४५ लिटर धरावे. आंतून ५० × ३० × ३० सेंटिमीटर घेतल्यास बरोबर ४५ लिटर होतात. मागच्या आसनाची पाठ तिरपी असल्यास खोली वर २५ व खालीं ३५ ठेवावी. सरासरी तीच राहते. हींच मापें चुकून बाहेरून घेतलीं, तर १८ मिलिमीटर जाडीच्या फळीमुळें आंत जेमतेम ३२ लिटर उरतात. पुष्कळ पेट्या येथेंच बिघडतात. सांधे सरसानें व स्क्रूनें आवळून आंतून लुकणानें बंद करावे. सुईएवढ्या फटींतूनहि शीळ ऐकूं येते. पेटी डिकींत पक्की जखडावी, कारण जोराचा ब्रेक लागला कीं तें लांकडी ओझें पुढें झेपावतें. बॅटरीपासून येणाऱ्या तारेला बॅटरीजवळच फ्यूज असावा.

शेवटीं परीक्षा. डग्ग्यावरील मींड स्पष्ट असलेलें एखादें ओळखीचें गाणें लावावें, आणि आवाज इतकाच ठेवावा कीं मागच्या रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकूं येईल. मींड खालून वर एकसारखी सरकली तर पेटी साधली असें समजावें. मधलाच एखादा स्वर उसळून आला, तर नवा ध्वनिक्षेपक घेण्यापूर्वीं पेटीचें घनफळ पुन्हां मोजून पाहावें.