हर्बार्टची पंचपदी

नवा धडा आरंभण्यापूर्वीं शिक्षक वर्गाला चार ओळखीचे प्रश्न विचारतात, हा प्रसंग बहुतेक श्रोत्यांना आपल्या शाळेंतला म्हणून आठवेल. या साध्या रिवाजामागें मनाविषयींचें एक संपूर्ण तत्त्वज्ञान उभें आहे. त्याचा कर्ता योहान फ्रीड्रिख हर्बार्ट हा जर्मन तत्त्ववेत्ता होय.

हर्बार्टचा जन्म १७७६ सालचा. तरुणपणीं स्वित्झर्लंडमध्यें तो एका कुटुंबांतील तीन मुलांचा खाजगी शिक्षक होता. तेथें असतांनाच १७९९ सालीं त्यानें पेस्टालोत्सीचें अध्यापन प्रत्यक्ष पाहिलें. १८०६ सालीं त्याचा शिक्षणशास्त्रावरील प्रमुख ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि १८०९ सालीं क्योनिग्सबर्ग येथें, कांटनें भूषविलेल्या अध्यासनावर, त्याची नेमणूक झाली.

स्मृति, तर्क, इच्छा या मनाच्या स्वतंत्र शक्ति आहेत व त्या तालमीनें वाढतात, असें त्या काळीं मानीत. हर्बार्टला हें मान्य नव्हतें. त्याच्या मतें मन म्हणजे कल्पनांचा परस्परांशीं अखंड चाललेला व्यवहार. सजातीय कल्पना एकमेकींस आधार देतात. विरोधी कल्पना एकमेकींस जाणिवेच्या उंबरठ्याखालीं लोटतात. म्हणून नवें ज्ञान मनांत स्थिरावतें तें जुन्या ज्ञानाच्या आश्रयानेंच. पावसाळ्यांत अंगणांतल्या ओहळानें डबक्याच्या तोंडाशीं पसरलेला गाळ ज्या मुलानें निरखला आहे, त्याला गंगेच्या मुखाशीं झालेला त्रिभुज प्रदेश सहज उमगतो. ज्याला तसा कांहींच अनुभव नाहीं, त्याच्या पदरीं केवळ शब्द पडतो. तेव्हां धडा न समजणाऱ्या मुलाला मंद ठरविण्यापूर्वीं शिक्षकानें त्याचें पूर्वज्ञान शोधावें, हें ओघानेंच आलें.

अध्यापनाच्या चार अवस्था हर्बार्टनें सांगितल्या: स्पष्टता, साहचर्य, व्यवस्था व पद्धति. त्याच्या मृत्यूनंतर (१८४१) त्सिलर व राइन या अनुयायांनीं त्यांच्या पांच पायऱ्या केल्या: पूर्वतयारी, विषयप्रतिपादन, तुलना, नियम आणि उपयोजन. मराठी अध्यापनशास्त्रांत हीच 'हर्बार्टची पंचपदी' म्हणून रूढ झाली.

अनर्थ झाला तो येथें. गणित असो, इतिहास असो वा कविता असो, प्रत्येक पाठ त्याच पांच रकान्यांत बसविण्याचा प्रघात पडला. मनाचा व्यापार ओळखण्यासाठीं जें साधन निघालें, तेंच मनाकडे न पाहण्याची सोय होऊन बसलें. अध्यापनाला दैवाच्या व रूढीच्या हातून सोडविण्याचें श्रेय जॉन ड्यूईनें १९१६ सालीं हर्बार्टला दिलें. पण त्याच्या विचारांत शिक्षकाचें कर्तव्य जितकें ठळक आहे तितकी मुलाची स्वतःची क्रियाशीलता ठळक नाहीं, असा दोषही दाखविला.

हा आक्षेप खरा मानला तरी हर्बार्टचा मूळ प्रश्न उरतोच: या मुलाला आधीं काय ठाऊक आहे? तो प्रश्न विचारणें सोपें आहे. मिळालेलें उत्तर ऐकून योजलेला धडा बदलण्यास जो शिक्षक सिद्ध असतो, त्याच्याच वर्गांत या तत्त्वज्ञानाचें सार्थक होतें.