घरचं काम, तरी मजुरी लिहा

रातांब्याचे दिवस आले. खळ्यात बरण्या उन्हाला लागल्या असतील, फळं फोडून हात लाल झाले असतील. आज त्या हातांच्या हिशेबाबद्दल बोलू या.

मागच्या हंगामात आमच्या एका गटाने अमृत कोकमच्या 60 बाटल्या भरल्या. रातांबे, साखर, बाटल्या, लेबलं, गाडीभाडं मिळून 3,600 रुपये खर्च आला. व्यापाऱ्याने बाटलीला 80 प्रमाणे 4,800 रुपये दिले. 1,200 सुटले म्हणून आम्ही खूश. वही लिहायला एका सदस्य ताईंची बारावी झालेली लेक बसली होती. ती म्हणाली, "ताई, यात आमची मजुरी कुठे आहे?"

मग मोजलं. चौघीजणी तीन दिवस राबल्या, म्हणजे बारा रोज. रोजाला पडले 100 रुपये. एवढ्यात दुसऱ्याच्या बागेत आपण कामाला जाऊ का? शिवाय राबणाऱ्या दोन लेकी आणि दोन सुना. गटात नाव आईचं नि सासूचं, त्यामुळे ते शंभरही त्यांच्या हाती आले नव्हते. गावात मन लागत नाही म्हणून मुली मुंबईला जातात, असं आपण म्हणतो. पण गावात त्यांच्या कामाला दाम होता कुठे? हिशेबाचं प्रशिक्षण आम्हीच दिलं होतं, आणि मजुरीचा रकाना आम्हीच ठेवला नव्हता.

लिज्जत पापड आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. 1959 साली मुंबईत गिरगावात सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन तो सुरू केला. तिथे पापड लाटणारीला किलोमागे ठरलेली लाटणावळ मिळते. काम घरी बसून केलं म्हणून ते फुकटचं ठरत नाही.

पुढच्या 60 बाटल्यांना आम्ही रोज 250 रुपये धरला. बारा रोजांचे 3,000, म्हणजे बाटलीमागे 50. माल 60 चा, मजुरी 50 ची, गटाला 10. भाव झाला 120. व्यापारी उठून गेला. एक सासूबाई म्हणाल्या, "घरचंच काम, त्याची कसली मजुरी?" आम्हालाही धाकधूक होतीच. मे महिन्यात आलेल्या चाकरमान्यांनी 35 बाटल्या नेल्या. उरलेल्या 25 गणपतीपर्यंत पडून होत्या, तेव्हा संपल्या. निम्मी मजुरी उशिरा मिळाली, पण मिळाली, आणि चौघींच्या स्वतःच्या बँक खात्यांत जमा झाली. त्याच सासूबाई आता सुनेचं पासबुक भरून आणायला सांगतात.

सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन आहे. फळाला मान मिळाला, तो फोडणाऱ्या हातांनाही मिळायला हवा.

तेव्हा या हंगामात तीन गोष्टी करा. वहीत मजुरीचा रकाना आखा. रोज किती, ते फळं फोडण्याआधी सगळ्यांनी बसून ठरवा. आणि जिने काम केलं, तिच्याच खात्यात पैसे भरा, मग ती लेक असो की सून. भाव जास्त वाटला तर गिऱ्हाईक शोधू, वेळ लागेल. पण मजुरी खोडून भाव उतरवू नका.

पुढच्या बैठकीला वही घेऊन या. आपण मिळून बघू.